व्याह्यांच्या घरचं पाणी

"तुम्ही माझ्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही म्हणे," व्याही म्हणाले.

कात्री चालूच होती. माझ्याकडे न बघता त्यांनी वेलीची जुनी काडी कापली, तारेतून ओढून मोकळी केली आणि मागच्या ढकलगाडीत टाकली. ही गाडी म्हणजे लोखंडी पिंप आडवं चिरून त्याला एक चाक लावलेलं. त्यात जाळ ठेवायचा, छाटलेल्या काड्या टाकत राहायचं आणि ओळीबरोबर गाडी पुढे ढकलायची. फेब्रुवारीचा गारठा होता, आणि त्या अख्ख्या उतारावर ऊब काय ती तेवढ्या पिंपात. मी तिथेच हात शेकत उभी होते.

"कोण म्हणालं?"

"लुक."

लुक त्यांचा मुलगा, माझा जावई. आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं. त्यांचं इंग्रजी वाईन घ्यायला येणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांकडून आलेलं, माझं तासगावच्या शाळेत पोरांना धडे घोकवून आलेलं. दोघांचंही उसनंच, त्यामुळे कुणी कुणाच्या चुका काढत नव्हतं.

"नाही पीत," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं.

"पाणी वाईट आहे?"

"पाणी चांगलं आहे."

"म्हणजे मी वाईट आहे."

"तुम्हीही चांगले आहात. आमच्यात पद्धत आहे. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या आईवडिलांनी तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. नातवंड झालं, की मग हक्कानं जेवायचं."

"का?"

का ते मला तरी कुणी कधी सांगितलं होतं? पण एवढ्या थंडीत उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी उत्तर द्यायला हवं.

"मूल होईपर्यंत ते घर तिचं असतं, आपलं नसतं. मूल झालं की आपलं रक्ताचं माणूस त्या घरात जन्माला आलं. मग ते घर आपलंही झालं."

त्यांनी पुढची वेल धरली. आमच्या तासगावला द्राक्षांचे मांडव असतात, माणूस खालून ताठ चालत जातो. इथल्या वेली जेमतेम माझ्या कमरेएवढ्या, आणि बुंधे म्हाताऱ्याच्या मनगटासारखे गाठाळलेले. व्याही प्रत्येक वेलीपुढे वाकायचे, क्षणभर बघायचे, एक लांब काडी आणि दोन डोळ्यांचा एक खुंट ठेवून बाकी सगळं उतरवायचे. माझ्या भावाची बाग असल्यामुळे एवढं मला कळत होतं.

"आणि मूल झालंच नाही तर?" त्यांनी विचारलं.

"माझी आई कितीतरी वर्षं माझ्या घरी कोरड्या तोंडानं येऊन गेली. एप्रिलच्या उन्हात चालत यायची, पदरानं वारा घ्यायची, माठाकडे बघायचीसुद्धा नाही. शाल्मली झाली त्या दिवशी आल्या आल्या तिनं सगळ्यात आधी तांब्या मागितला."

"हट्टी होती तुमची आई."

"मीही आहे."

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मला येऊन तीन आठवडे होत आले होते, आणि तोवर त्या माणसाला दात आहेत हेही मला ठाऊक नव्हतं.

गास्तों त्यांचं नाव. पण व्याह्यांना नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी आपली 'व्याहीबुवा' म्हणायचे. त्यांनी एकदा अर्थ विचारला. व्याही म्हणजे काय ते सांगितलं. आणि बुवा आम्ही कीर्तनकारालाही म्हणतो, हेही सांगितलं. मग कीर्तन काय ते सांगणं आलं. माझ्याकडे छोटा टेपरेकॉर्डर होता आणि आमच्या देवळातल्या कीर्तनांच्या कॅसेट. दिवसभर त्या शांत घरात कुणीतरी मराठीत बोलतंय एवढ्यासाठी मी त्या लावून बसायचे. एक माणूस उभा राहतो, गातो, मध्येच थांबून गोष्ट सांगतो, पुन्हा गातो, मागे झांजा वाजतात, असं मी त्यांना समजावलं.

"गोष्ट नवीन असते?"

"नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली."

"शेवटही?"

"शेवट तर लहान पोरांनाही ठाऊक असतो."

"आणि तरी बसतात?"

"ऐकता ऐकता रडतातसुद्धा. शेवट माहीत असतो म्हणून तर आधीपासून डोळे भरून येतात."

त्यांनी काड्या जाळात सारल्या. "मग माझ्याकडे एक बाटली आहे," ते म्हणाले. "तुमच्या कीर्तनासारखी. तिच्यात काय आहे ते मला सगळं ठाऊक आहे. पण ती मूल झाल्यावरच निघेल. तोवर तुम्ही पाणी पिऊ नका, मी ती पिणार नाही. बरोबरी झाली."

मी मान हलवली. मला ते बरं वाटलं. उपास एकटीनं करण्यापेक्षा शेजारी कुणीतरी उपाशी असलेलं बरं.

*

गाव बरगंडी प्रांतातलं, दिजों शहरापासून गाडीनं तासाभरावर. दगडी घरं, लाकडी झडपा. संध्याकाळ झाली की लोक झडपा आतून लावून घेत, आणि मग रस्त्यावर माणूस औषधालाही सापडत नसे. चर्चची घंटा वाजली की मी आपली हात जोडायचे. देव तोच असणार, घंटा काय, वाजवणाऱ्यानं वाजवली.

शाल्मली दिजोंला शिकायला गेली आणि तिथंच लुकशी तिचं जमलं. लुक शहरात विम्याच्या कचेरीत जायचा. वेलींचं त्याला काही नव्हतं. दोघं व्याह्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत. लुकची आई, मादलेन, चार वर्षांपूर्वी गेली होती. खाली व्याही एकटे असत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलाला सहा खुर्च्या होत्या, आणि एकीचीच गादी झिजलेली.

शालूचं याआधी दोनदा पोटातच गेलं होतं. या खेपेला आठवा लागल्यावर तिनं फोन केला, "आई, ये." बाकी काही बोलली नाही. मी डिंकाचे लाडू, शतावरी, मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी, कुंची, सगळं बांधून निघाले. आणि माझे तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, मेतकूट. शिधा माझा, भांडं माझं, पाणी दुकानातून मी विकत आणलेल्या बाटल्यांतलं.

"आई, गॅस कुणाचा आहे?" शालू म्हणायची.

"गॅस काही पोटात जात नाही."

"आणि मीठ?"

"मीठ आणलंय मी."

"मीठ आणलंस? तासगावहून? विमानातून?" ती पोट धरून हसायला लागली, की मीच घाबरायचे. "जगात कुणी हे पाळत नाही आता, आई. मावशीनं तर लग्नाच्या पूजेलाच नंदूताईच्या सासरी दोनदा श्रीखंड मागून घेतलं होतं."

"मावशीचं पोट मोठं आहे."

हसणं संपलं की ती पोटावर हात ठेवून गप्प बसायची. डॉक्टर सगळं ठीक म्हणत होते. तरीही ती बाळाचे कपडे विकत आणू देत नव्हती. नावाचं तर बोलूच द्यायची नाही. "ठरवलंय," म्हणायची, "पण आत्ता नाही." लुकलासुद्धा तिनं सांगितलेलं नव्हतं. तोंडातून नाव निघालं आणि या खेपेलाही काही झालं तर, ही भीती. मी तिला बोलले नाही. माझ्याच पोटची, हट्ट कुठून आला ते मला ठाऊक होतं.

व्याह्यांनी ती बाटली मला दुसऱ्याच दिवशी दाखवली. घराखाली तळघर, पायऱ्या ओल्या, भिंतींवर काळी बुरशी मखमलीसारखी. मला वाटलं, हे झाडूनपुसून घ्यायला काय हरकत आहे. मी पदर खोचायला लागले तशी ते दोन्ही हात पसरून आडवे आले.

"ही धूळ नाही, मादाम. हे पांघरूण आहे."

भिंतीतल्या एका कोनाड्यात एकच बाटली आडवी झोपवली होती. वर कागद नाही, काही नाही. कोनाड्याच्या दगडावर खडूनं साल लिहिलेलं, लुकच्या जन्माचं.

"लुक झाला तेव्हा हा कोनाडा भरलेला होता," ते म्हणाले. "त्याच्या बाप्तिस्म्याला काही काढल्या, लग्नाला काही. मादलेन गेली तेव्हा काही. ही नातवंडाची. ही मादलेननंच वेगळी काढून ठेवलेली."

मग त्यांनी त्या सालाची गोष्ट सांगितली. वसंतात एवढं हिंव पडलं, की अर्धी कोवळी फूट जळून गेली. उरलेली द्राक्षं थोडी, पण दाट. तोडणीच्या दिवशी मादलेन नऊ महिन्यांची पोटुशी. बस म्हटलं तरी ऐकेना. वरच्या भिंतीजवळच्या ओळीत टोपली भरता भरता तिला कळा सुरू झाल्या. द्राक्षांच्याच घोडागाडीत टोपल्या मागे सारून तिला गावात आणलं.

"लुक झाला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत लाल होते. द्राक्षांनी. सुईण म्हणाली, धुऊन ये, मग देते. मी धुऊन आलो, तरी बाळाच्या दुपट्यावर पाचही बोटं उमटली. डाग गेलाच नाही कधी."

ते सांगत होते आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. चांगल्या बुवांपुढे बसावं तशी.

*

एका संध्याकाळी शालूचं पोट दुखायला लागलं. लुकनं गाडी काढली. मी शाल गुंडाळून, दुपट्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी राहिले, तर ती म्हणाली, "आई, तू इथंच थांब. आत एकालाच सोडतात. लुक असेल."

"मी बाहेर बसेन की."

"बाहेर बसलीस तर माझं सगळं लक्ष बाहेर राहील."

एवढ्या लांबून लेकीच्या बाळंतपणाला आलेली बाई मी, आणि बाळंतपण माझ्याविना गाडीत बसून निघून गेलं. व्याही दारात टोपी हातात घेऊन उभे होते.  मी वर जाऊन देवापुढे बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. फोन खाली होता. मी जिना उतरेपर्यंत व्याह्यांनी तो उचलून ठेवलाही होता, आणि ते स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहून दोन्ही तळहात कोटाला पुसत होते.

"मुलगी," ते म्हणाले. "मुलगी झाली. शाल्मली बरी आहे. लुक रडत होता, मला अर्धं कळलं नाही. पुन्हा फोन करतो म्हणाला. नाव सांगायला."

मी त्यांना नमस्कार केला. आमच्यात व्याह्यांना वाकून करतात तसा. त्यांना कळेना काय करावं, तेही वाकले. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली, आणि आम्ही दोघंही म्हातारी माणसं त्या थंड फरशीवर हसत उभी राहिलो.

"बसा," ते म्हणाले. "आज माझ्या टेबलावर बसा."

सहा खुर्च्यांतली एक त्यांनी फडक्यानं पुसून दिली. पांढरा कपडा अंथरला, घडीच्या रेघा तशाच होत्या त्यावर. पाव आणला. मोठ्या पातेल्यात कांद्याच्या पातीचं आणि बटाट्याचं सूप होतं. झाकण काढून मला दाखवलं. "डुकराचं घातलेलं नाही. सकाळीच केलं. मला वाटलं, आज लागेल." मग काचेच्या तांब्यात नळाचं पाणी भरून माझ्यापुढे ठेवलं, पेला रिकामा, पालथा. "नाव आलं की. तुम्ही पाणी, मी वाईन. एकदम."

मला तहान लागली होती. सकाळपासून नुसती देवापुढे बसलेली. पण नाव आलं की म्हटल्यावर तेही बरोबर वाटलं. नाव न घेता काय कुणाच्या नावानं प्यायचं.

ते खाली गेले आणि बाटली दोन्ही हातांवर आडवी घेऊन, तशीच झोपलेली, वर आले. बूच जुनं होतं, निम्म्यात तुटलं. उरलेलं त्यांनी पातळ पात्याच्या चिमट्यानं, डोळ्यातला कण काढावा तसं, हळूहळू वर घेतलं. मेणबत्ती लावली. बाटलीचा गळा ज्योतीवर धरून ते वाईन काचेच्या सुरईत ओतायला लागले. धार केसाएवढी. खालचा गाळ गळ्याशी आला, ज्योतीपुढे काळा धागा दिसला, तसे थांबले.

मला वाटलं होतं लालभडक असेल. रंग जुन्या कौलांचा होता, कडेला विटकरी.

"वास घ्या. वास म्हणजे पिणं नाही."

मी घेतला. ओला पाचोळा. तळाशी गेलेला गुलकंद, बरणी खूप दिवसांनी उघडल्यावर येतो तसा. खरं सांगते, वाईट नव्हता.

"आत्ता झोपेत आहे," ते म्हणाले. "एवढी वर्षं झोपलेली. जरा वेळानं उठेल, उभी राहील. मग फार वेळ नाही थांबायची. जुनी वाईन एकदा उघडली की तिचं काय ते थोड्याच वेळात. तरुण वाईन उद्या पिता येते. हिला उद्या नसतो."

"मग आधी कशाला उघडलीत? नाव आल्यावर उघडायची."

ते ओशाळले. "खरं आहे. राहवलं नाही."

आम्ही बसलो. खिडकीतून उतार दिसत होता, वेलींच्या काळ्या ओळी, वरची दगडी भिंत. ते मला सांगत होते, मूल जरा मोठं झालं की त्याला छाटणी शिकवणार. मुलगी तर मुलगी. मादलेन त्यांच्यापेक्षा चांगली छाटायची. मी म्हणाले, आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी असते. त्यांना खरं वाटेना.

"दोनदा? मग वेल झोपते केव्हा?"

"नाही झोपत."

"बिचारी." जरा थांबून म्हणाले, "तुम्हीही नाही झोपलात काल. वर पावलं ऐकत होतो."

"म्हणजे तुम्हीही जागेच होता."

त्यांनी सुरईत नाक घातलं. "उठतेय."

फोन वाजला नाही. त्यांनी पाव कापला, चार तुकडे, कपड्यावर मांडले. मी शालूच्या लहानपणीचं काहीबाही सांगितलं. त्यांनी पुन्हा वास घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आता. आता उभी आहे. बघा." सुरई माझ्यापुढे धरली. पाचोळा गेला होता. वास सुक्या गुलाबाचा होता, आणि त्याच्या मागे कसलातरी गोड, उबदार, मनुका तुपात फुलल्यावर सुटतो तसा. कशाचं का असेना, मला त्या क्षणी लेकीच्या बाळाची टाळू हुंगावीशी वाटली.

"प्या तुम्ही," मी म्हणाले. "नाव काय, येईल मागून."

"नाव येऊ दे."

"मग तुम्हीच करा फोन."

"कुठे करू? दवाखान्यात नुसते कॉरिडॉर, त्यात लुक कुठे सापडायचा." ते उठले, सूप पुन्हा गरम करायला ठेवलं, बंद केलं. पावाचे तुकडे कडेनं वाळायला लागले. उतारावरचं ऊन भिंतीपर्यंत चढलं आणि भिंतीपलीकडे गेलं. ते सुरईकडे बघत नव्हते. मी विचारलं, तेव्हा वाकले, आणि म्हणाले, "दमली जरा."

मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते. मध्येच थांबून स्वतःलाच दटावत होते, की वाईनचा आणि त्याचा काय संबंध, काहीतरीच.

मग फोन वाजला.

व्याही फ्रेंचमध्ये एक शब्द बोलले आणि नंतर नुसते ऐकत राहिले. मला फक्त पाठ दिसत होती. माणसाच्या पाठीवरून सगळं कळतं. त्यांनी रिसीव्हर ठेवला, पण हात त्यावरच राहिला.

"शाल्मली बरी आहे," ते म्हणाले. हे त्यांनी आधी सांगितलं, याबद्दल मी त्यांचे उपकार मानते. "लहानगीचं हृदय. जन्मतःच होतं काहीतरी. डॉक्टरांनी केलं, सगळं केलं. थांबलं."

मी टेबलावरच्या कपड्याची घडीची रेघ बोटानं सपाट करत राहिले.

"लुक म्हणतो उद्या सकाळी या. शाल्मलीला आज कुणीच नको आहे. बोलतच नाहीये ती."

"नाव?"

"नाही सांगितलं. विचारलं त्यानं. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे."

मी वर जायला हवं होतं. वर माझं भांडं होतं, माझे मूठभर तांदूळ. पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या, पण दुकान उघडं असणार. पुन्हा सगळं कालच्यासारखं करता आलं असतं. मी खुर्चीच्या पाठीला धरून उठले. व्याह्यांनी सुरई उचलली आणि मोरीकडे गेले. ते ती ओतणार होते.

"थांबा," मी म्हणाले.

ते थांबले.

"मला पाणी द्या."

त्यांनी मागे वळून बघितलं.

"मुलगी झाली ना?"

"हो."

"श्वास घेतला तिनं?"

"हो, मादाम. रडलीसुद्धा. लुकनं ऐकलं."

"मग मला पाणी द्या. तुमच्या हातानं."

त्यांनी सुरई खाली ठेवली. माझा पालथा पेला सुलटा केला. पाणी ओतताना त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. मी तो पेला घेतला आणि पूर्ण प्यायले. मग बसले. ते उभेच होते.

"बसा," मी म्हणाले. "आणि तुमचंही घ्या. तिच्या नावानं काढलंय."

"नाव नाही."

"नसू दे. ती होती."

त्यांनी आपला पेला भरला. ओठांना लावला, आणि बराच वेळ तोंडात धरून बसले. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही.

"गेली का ती?" मी विचारलं. वाईनचं.

"नाही," ते म्हणाले. "अजून आहे थोडी."

मी सूप मागून घेतलं. आळणी लागलं, की माझ्याच तोंडाला चव नव्हती, कुणास ठाऊक. वाळलेला पाव त्यात बुडवून खाल्ला. त्यांनी विचारलं, "आणखी?" आणि मी म्हणाले, "वाढा." भूक नव्हती. पण व्याह्यांच्या घरी आजी पहिल्यांदा जेवते तेव्हा पानात टाकून उठत नाही. सुरई संपेपर्यंत ते एकेक घोट घेत होते, आणि मी समोर बसले होते. आरती होईपर्यंत कीर्तनातून उठायचं नसतं. 

*

सकाळी व्याह्यांच्या जुन्या व्हॅनमधून आम्ही दिजोंला गेलो. लुक दाराशीच भेटला. रात्रीत पोर म्हातारं दिसायला लागलं होतं. त्यानं मला मिठी मारली, "आई" म्हणाला, शालूनंच शिकवलेलं, आणि मग बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. मी आत गेले.

शालू कुशीवर होती. खिडकीकडे तोंड. डोळे कोरडे. मी केसांवरून हात फिरवला तरी हलली नाही. मी शेजारी बसून राहिले. 

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तुझं पाणी संपलं होतं."

"काय?"

"बाटल्या. मी लुकला सांगणार होते आणायला. राहिलं." आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. "कालपासून काय प्यायलीस तू?"

"व्याह्यांकडचं प्यायले."



"पहिल्या फोननंतर?"

"नाही. दुसऱ्या."

"दुसऱ्या फोननंतर?"

"हो. जेवलेसुद्धा. सूप होतं. दोनदा घेतलं."

शालू वळली. कोपरावर रेटून, टाके ओढले जात असतील तरी वळली, आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मीठसुद्धा विमानातून आणणारी बाई तिला ठाऊक होती. मग तिचा चेहरा मोडला. तिनं माझ्या पोटात डोकं खुपसलं आणि जी रडायला लागली ती, नर्स दार उघडून बघून गेली, तरी थांबली नाही. मी तिला थांबवलं नाही.

रडता रडता कधीतरी तिनं मला नाव सांगितलं.

मी बाहेर आले तेव्हा लुक डॉक्टरांकडे गेला होता. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर व्याही एकटेच बसले होते, टोपी डोक्यावर, हात गुडघ्यांवर. मी शेजारी बसले.

"रेवा," मी म्हणाले.

"रेवा," ते म्हणाले. 'र' थेट घशातून.

"इतका आतून नाही. जिभेच्या टोकावर."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि पुन्हा म्हटलं.